अक्काच्या चोवीस कोंबड्या

५ एप्रिल १९८८

चाळीसगावच्या स्टँडवर ही वही घेतली त्याला दिवाळी उलटून गेली. पहिल्या पानावर नाव घातलं, खाली दोन रेघा मारल्या, झालं. रोज म्हणायचो, आज काही घडलं नाही, काय लिहायचं. काही घडलं की म्हणायचो, आता लिहायला वेळ कुठाय. आज दोन्ही सबबी संपल्या.

काल अक्का दाजींना घेऊन धुळ्याला गेली. दाजी बैलगाडीवरून पडले, मांडीचं हाड गेलं. मी इथे अक्काच्या गावी वाटेत दोन दिवस टेकलो होतो. पुढे सुरत की इंदूर, तेही ठरलं नव्हतं. जीपमध्ये चढता चढता अक्कानं माझं मनगट धरलं. "सुभ्या, मी येस तवलोंग आठून हालू नको. मन्या कोंबड्या तुन्या हवाली." ती परत येईपर्यंत मी इथून हलायचं नाही, एवढं कळलं. आणखी बरंच सांगत होती. दाणा कधी, पाणी कुठं. मी जीपवाल्याकडे बघत होतो. तो पायपंपानं हवा भरत होता आणि पंपाला चिंधी बांधली होती, तरी फुस्स आवाज कुठून येतो ते कळेना.

जीप गेली तेव्हा लक्षात आलं, अर्धंच ऐकलंय.

८ दिवसांचा प्रश्न आहे म्हणा.

७ एप्रिल

मोजल्या. चोवीस. कोंबडा वेगळा, त्याला मी धरत नाही, तोही मला धरत नाही.

यांना कोंडवाडा नाही. संध्याकाळी आपणहून गोठ्यातल्या आडव्या दांड्यावर बसतात, उजाडलं की मोकळ्या. गिरणा नदीच्या काठापर्यंत जातात. तिघींच्या मानेवर पिसं नाहीत, नुसती लाल कातडी. पहिल्यांदा वाटलं कुणी अर्धवट सोलून सोडल्यात. त्यातली काळी ती मानकोरी. अक्काची लाडकी. अक्काच्या लग्नात मायनं टोपलीत झाकून एक उघड्या मानेची कोंबडी दिली होती, तिच्या पोरीच्या पोरीची ही कितवी तरी. माय जाऊन सहा वर्षं झाली. मायचं दुसरं काही आमच्या दोघांकडं नाही. भांडी मामांनी नेली, लुगडी मावशीनं. बाकी दोघी उघड्या मानेच्या म्हाताऱ्या, अंडं देत नाहीत. म्हणजे मायची जात पुढं चालवणारी उरली ती मानकोरी.

मी मोजतो तेव्हा तीच एकटी नसते, तिला धरून चोवीस. अंधार पडता पडता येते, उशिरा, कुणाकडं न बघता. मला आवडली.

११ एप्रिल

शेजारच्या नानांची केळीची बाग. आत शिरलं की अंगावरून कुणी ओला पंचा फिरवावा तसं. कोंबड्यांना हे माझ्या आधी माहीत. नवाच्या सुमारास एकेक करत कुंपणाखालून आत. आत ओली माती उकरतात, पोट टेकून पसरतात.

नाना धावत आले. "तुन्या कोंबड्या मुळ्या उकरतस! परत दिसन्यात तर पाय तोडसू!"

मी म्हटलं, नाना, कोंबड्यांचे की माझे?

"पहिले तुना. शहरी बोलस, दात काढस."

काट्या आणून कुंपण बुजवलं त्यांनी. कोंबड्या आता दिवसभर आमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली. लिंबाची पानं झडलीत. सावली चाळणीसारखी.

१८ एप्रिल

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गल्लीत पोरींचे झोके बांधून झाले, सासरहून आलेल्यांची गाणी चाललीत. अक्का आखाजीला कुठे जाणार, माय नाही, बाप नाही, भाऊ म्हणजे मी, आणि माझा पत्ता मलाच माहीत नसतो. यंदा मीच तिच्या घरी येऊन बसलोय, माहेरवाशिणीसारखा. झोका मात्र नाही.

गफूर येऊन गेला. तो केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, दर आठवड्याला अक्काची अंडी ढाब्यावर नेतो. त्याचा क्लीनर पळालाय. म्हणाला, "चल ना यार. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली. तू तर फुकट पण आला असतास." म्हटलं, अक्का आली की लगेच.

२७ एप्रिल

अक्काचं कार्ड. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटची सून लिहून देते. दाजींच्या पायाला वजन बांधलंय, दीड महिना हलवायचं नाही, जूनअखेरपर्यंत येणं नाही. शेवटी: "मानकोरी वैशाखात खुडूक होईल, अंडी उबवायला बसेल. तिची अंडी तिच्याच खाली ठेव. मायची जात राहिली पाहिजे."

जूनअखेर.

कार्ड तीनदा वाचलं. मग मागच्या बाजूचा शिक्का वाचला. मग पत्ता वाचला.

३० एप्रिल

अंड्यांची टोपली अर्धीही भरत नाही. जी मिळतात ती बारकी, कवच पातळ. एक हातात नुसतं उचलताना चेपलं. दाणा तसाच पडून राहतो, पाणी मात्र सारखं हवं. दुपारी सगळ्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून उभ्या. गळ्याशी कातडी फडफडत असते. बघितलं की आपलाही श्वास तसाच चालायला लागतो.

मी दहाला दारं-खिडक्या लावून घेतो. इथं सगळेच तसं करतात, आत अंधार करून बसायचं, पाचला उघडायचं. धाब्याचं घर, वर हातभर माती, आत तसं बरं. दाराच्या फटीतून जी एक पट्टी येते, तिच्यात वही धरून हे लिहितोय. बाहेर त्या, आत मी. त्यांना निदान बाहेर तरी.

३ मे

वारा सुटलाय. नुसता भट्टीचा. पट्टेवाली एक कोंबडी लिंबाखाली कलंडली, पाणी पाजल्यावर उठली. असं नाही चालायचं. आपण घर बंद करतो तर यांनी का वाऱ्यात मरावं? उद्या गोठ्यात घालतो, दारं लावतो, बारदानं भिजवून सगळ्या फटी बुजवतो. इतके दिवस हे सुचलं कसं नाही.

४ मे

लिहितो. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

नऊला सगळ्या गोठ्यात घातल्या. मानकोरी सापडली नाही, तिला शिव्या दिल्या, तेवीस आत. दारावर, जाळीवर, फटींना ओली बारदानं. पाण्याची परळं भरून ठेवली. बाहेरून हात लावून बघितला, गार. स्वतःवर खूश झालो. बाराला परत भिजवायची होती.

अकराला गावात बोअरची गाडी आली. एवढी मोठी गाडी मी कधी बघितली नव्हती. दांडा जमिनीत जातो, वरून पांढरी धूळ उडते, मध्येच दगड लागला की आवाज बदलतो. कडेला माणसं उभी, आता पाणी, आता पाणी. मी उभा राहिलो. बारा वाजले ते कळलं. म्हटलं हा दांडा गेला की निघू. मग पुढचा दांडा.

परत आलो तेव्हा साडेचार.

बारदानं वाळून कडक. गोठ्याला पत्रा आहे. वरून पत्रा, आत तेवीस जिवांची वाफ, वाऱ्याला जागा नाही. दार उघडलं तर तोंडावर वाफ आली, स्वैंपाकाच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी.

मी ओरडलो असणार. नाना कुंपण ओलांडून आले. दोन-दोन उचलून पळाले, बागेच्या पाटात पायांवर उभ्या केल्या. "पाय! पाय पान्यामा ठेव! डोकं नको बुडाडू!" मी नुसता आणत होतो. काही हातात असतानाच…

मग म्हणाले, "कोंबडीले घाम ऱ्हास का रे? तुले घाम ये, तू दार लाईसन बसस. ती कशानी थंडी व्हई? तिले वारा पाहिजे." थोड्या वेळानं: "तू मानूस शे का बारदान?"

आठ मेल्या.

मानकोरी संध्याकाळी नेहमीसारखी उशिरा आली. बागेतून. पाय चिखलानं भरलेले.

५ मे

लिंबाच्या पलीकडे खड्डा करून पुरल्या. एक दोघांनी विचारलं, नुसत्या उन्हानं मेल्यात ना, मग पुरतो कशाला, खायच्या की. मी माती लोटत राहिलो.

एक गोष्ट. आठांत उघड्या मानेची एकही नाही. दोघी म्हाताऱ्या, त्याही वाचल्या. मानेवर पिसं नाहीत म्हणून तिथून उष्मा निघून जात असेल. मायला माहीत होतं का? की टोपलीत जी मावली ती दिली?

आज १६.

६ मे

अक्काला कार्ड टाकलं. "सगळ्या बऱ्या आहेत. उन्हामुळे अंडी कमी. काळजी नसावी."

पेटीत पडलेलं कार्ड काढता येत नाही. हात घालून बघितला.

९ मे

पळालो.

गफूरचा ट्रक फाट्यावर होता. कपडे पिशवीत कोंबले, वही घेतली, चढलो. केबिनमध्ये गाणी, फुलं, अगरबत्ती. दोन मैल गेलो तर छातीवरचा दगड कुणी उचलल्यासारखं. गिरणेच्या पुलावर आलो. नदी म्हणजे नुसती वाळू, मध्ये एक डबकं, त्यात एक म्हैस. म्हशीकडं बघत होतो आणि आठवलं, परळं रिकामी. सकाळी भरलीच नाहीत. निघायच्या घाईत.

म्हटलं, गफूर, उतरव.

"काय झालं?"

परळं.

त्यानं ब्रेक मारला. "तेरी अक्कानं कोंबडीला दोरी नाही बांधली, तुला बांधली."

डोक्यावर उपरणं, खिशात कांदा, बाराच्या उन्हात चालत परत. कांद्यानं ऊन लागत नाही म्हणतात. लागलं.

परळं भरली. सगळ्या एकदम आल्या. माझ्या पायावर पाय देऊन पीत होत्या.

१२ मे

आता असं चाललंय. उजाडायच्या आधी दाणा. पोट भरलेलं असेल तर दुपारी आतून उष्मा चढतो, नाना म्हणतात, म्हणून मधे काही नाही, दिवस मावळताना परत. परळं तीन जागी, दर तासाला पाणी बदलायचं, कोमट झालं की तोंड लावत नाहीत. कांदा ठेचून थोडा.

अक्कानं जीपमध्ये चढताना हेच सांगितलं असणार.

नानांनी कुंपणाला खाली भगदाड ठेवलंय. त्याबद्दल ते बोलत नाहीत, मीही नाही. नवाला कोंबड्या आत जातात. बदल्यात मी बागेत पाणी भरायला जातो. बदल्यात असं कुणी म्हणालं नाही. पहिल्या दिवशी नानांनी फावडं माझ्याकडं फेकलं, एवढंच.

१६ मे

मानकोरी नाही.

काल उशिरापर्यंत वाट बघितली. आज सकाळीही नाही. आज १५.

काठापर्यंत गेलो, वाळूत, करंजाखाली, लोकांच्या गोठ्यांत. मुंगसाची बिळं बघितली. पिसं नाहीत.

१९ मे

लाज वाटते पण लिहितो. नाना जेवायला गेले तेव्हा त्यांचा उकिरडा काठीनं उचकटला. काळी पिसं दिसतात का बघायला.

मागून आवाज. "मना उकिरडामा तुनं काय हरपनं?"

काही नाही म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातल्या काठीकडं बघितलं. मग म्हणाले, "सापडनं तर माले बी सांगजो," आणि गेले.

माणूस इतका गप्प का राहतो? चोर असेल तर ओरडेल. नसेल तरी ओरडेल. हा नुसता पाणी भरतो.

२५ मे

नवतपा लागला, उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस. हवा हलत नाही. आठवडाभर नवीन काही नाही. दाणा, पाणी, पाणी, पाणी, दाणा. फाट्यावर ट्रक वाजला की मान आपोआप तिकडे.

अक्काचं कार्ड आलं. "मानकोरी बसली का?" एवढं एकच वाक्य. बाकी दाजींचं.

मायची जात माझ्या हातून गेली. आठ मेल्या त्या मी मारल्या, नववी वाचली होती ती हरवली. हे कार्डावर कसं मांडायचं? कार्ड केवढंसं.

३० मे

पाणी भरताना आज डोक्यात आलं. नाना कोपऱ्यातल्या एका वाफ्याला पाणी जाऊ देत नाहीत. पाटाला चिखलाचा बांध घालून पाणी वळवून पुढं. मला वाटलं विसरले, मी फावड्यानं बांध फोडायला गेलो तर माझा हात धरला. म्हाताऱ्याच्या हाताला भलताच जोर.

त्या वाफ्यातल्या तीन केळी वाळायला लागल्यात. पानं पिवळी, लोंबलेली. एकीला घड लागलाय, तोही सुकणार.

म्हटलं, नाना, या तीन का मारताय?

"त्याले पानी नको."

पण का?

तंबाखू मळली, तोंडात टाकली. मग म्हणाले, "जाय. लांबतून देख. हात नको लाऊ."

लोंबलेल्या पानांच्या मागे, खोडाच्या बुडाशी, कोरड्या पाल्यात, मानकोरी.

"पंधरा रोज व्हयनात. पानी सोडतु तर अंडा सडतात."

मग विचारलं, सांगितलं का नाही?

"तुले सांगतु तर तू तिले उचली घर लई जाता. बारदान गुंडायता."

खरं आहे. उचललीच असती.

आणि उकिरडा उचकटला तेव्हा? नाना पुढच्या वाफ्याकडे निघून गेले होते.

३१ मे

दुपारभर तिकडेच होतो, दहा हातांवर. भर उन्हात ती अंड्यांवर बसत नाही. थोडी उठते, पंख पसरून वर उभी राहते, चोच उघडी, गळा फडफडतोय. ऊब देत नाही, सावली धरते. ऊन कललं की परत खाली टेकते.

दिवसातून एकदा उठते, पाटावर पाणी पिते, दोन दाणे, परत. मी इतकी वर्षं फिरलो, एका जागी इतका वेळ कुणाला बसलेलं बघितलं नाही. बघायला थांबलोही नसेन.

नाना म्हणतात उन्हाळ्याची अंडी, काही धरतील, काही नाही. सगळीच गेली तर नवल नको.

तिन्ही केळी आता उभ्या वाळल्या.

२ जून

गफूर. परवा नानांचाच माल भरायचा, दुपारी निघणार. यानंतर त्याची गाडी खान्देशात लागणार नाही. क्लीनर अजून मिळालेला नाही. "आता तरी बोल. हो किंवा नाही."

म्हटलं, परवा सांगतो.

"परवा मी हॉर्न मारेन. तीनदा. आलास तर आलास."

मानकोरीची अंडी नानांच्या हिशेबानं परवा-तेरवा फुटायला हवीत. नाना आहेत की. परळं नानाही भरतील. अक्काला मी हवाय कशाला, कोंबड्या हव्यात. पिशवी भरून ठेवली. खुंटीला लावली.

३ जून

खरं कार्ड लिहिलं. चार कार्डं फाडल्यावर. "अक्का, गोठ्यात कोंडल्या, आठ मेल्या. माझ्या हातून. पहिलं कार्ड खोटं होतं. मानकोरी नानांच्या बागेत बसली आहे. नानांनी तीन केळी तिच्यापायी वाळवल्या. मी" — पुढं "थांबतो" लिहायचं की "जातो" ते सुचेना, म्हणून "मी" वर शाई ओतून टाकली. भडगावला जाऊन पेटीत टाकलं. या वेळी हात घालून बघितला नाही.

शेजारच्या कॉटवाल्यांची सून ते कार्ड मोठ्यानं वाचणार. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाणार. जाऊ दे.

४ जून

सकाळपासून बागेत. ट्रक बांधावर उभा, माणसं घड वाहताहेत, गफूर टपावर चढून दोर आवळतोय. पिशवी माझ्याजवळ, मांडीवर वही.

आज वीस की एकवीस, नानांनाही नक्की नाही. मघाशी चवड्यावर सरकत जवळ गेलो, कान लावला. काहीतरी टकटक झाली असं वाटलं. ट्रकचं फळकुट असेल. आणखी वाकलो तर मानकोरीनं बोटाला टोचलं. रक्त. या पानाला लागलंय ते तेच.

एक हॉर्न.

नाना पाट सोडून बघताहेत. माझ्याकडं नाही, पिशवीकडं.

इथून आमचं अंगण दिसतं. ट्रकच्या गडबडीला भिऊन कोंबड्या आज तिथंच, लिंबाखाली. फाट्यावर एस.टी. येऊन गेली वाटतं, धूळ अजून बसली नाही. अंगणात कुणीतरी उभं आहे. डोक्यावर गाठोडं. बाई.

अक्का.

जूनअखेर म्हणाली होती. एकटीच. दाजी नाहीत. का आली, काही कळत नाही. कार्ड तर मी कालच टाकलं, तिच्या हाती पडणं शक्य नाही. म्हणजे तिला काहीच माहीत नाही.

दुसरा हॉर्न.

हाक मारत नाहीये. गाठोडंही खाली ठेवलं नाही. लिंबाखाली उभी राहून बोटानं मोजतेय, ओठ हलताहेत. तेरा. चौदा. पंधरा. बोट हवेत तसंच थांबलं. गोठ्याकडं बघितलं, पत्र्याकडं, कुंपणाकडं.

आता परत पहिल्यापासून मोजायला लागली.